स्मार्ट सिटीचा मध्यावधी आढावा: वाहतूक आणि पर्यावरणात खरंच फरक पडला का, हे कसं तपासायचं?

सरळरेषा

एका मध्यम आकाराच्या शहराच्या स्मार्ट सिटी आराखड्याला पाच वर्षं पूर्ण होत आहेत. मध्यावधी मूल्यमापनाची पद्धत ठरवायची आहे, तीही दोनच विषयांपुरती: शहरातली ये-जा आणि पर्यावरण. हाताशी आहेत ते आकडे असे: सायकल मार्गांचे किलोमीटर, इलेक्ट्रिक बसची संख्या, अनुकूली (रहदारी पाहून स्वतःच वेळ बदलणारे) सिग्नल बसवलेले चौक, हवेचे सेन्सर, अ‍ॅपचे डाउनलोड. सगळे आकडे वाढलेलेच आहेत. पण थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचा वेळ वाचला का, रस्त्यालगत राहणाऱ्याच्या छातीत धूर कमी जातो का, याचं उत्तर त्यात कुठेच सापडत नाही.

मुदत सहा महिन्यांची आहे. बसचं जीपीएस तीन वर्षांपासूनचं उपलब्ध आहे, हवेची संदर्भ केंद्रं (प्रमाणित यंत्रांनी हवा मोजणारी) दोन आहेत, घरोघरी जाऊन केलेलं प्रवास सर्वेक्षण एकदाच झालंय, आराखडा सुरू होण्याच्या वर्षी. मोजके कोणते निर्देशक घ्यावेत, ते कसे काढावेत आणि फसगत कुठे होते, हे जाणकारांनी सांगावं.

थांबा_ते_थांबा

डाउनलोडचा आकडा आधी यादीतून काढा. बसवलेली साधनं किती, हा खर्चाचा हिशेब झाला. तो परिशिष्टात ठेवा. आयएसओ ३७१२२ हे स्मार्ट शहरांसाठीचं मानक (२०१९) बऱ्याच ठिकाणी एकटंच वापरतात आणि तिथेच चुकतं. त्यातले काही निर्देशक, उदाहरणार्थ एकूण सिग्नलपैकी स्मार्ट सिग्नल किती टक्के, साधनंच मोजतात. ते आयएसओ ३७१२० या शहरी सेवा आणि जीवनमानाच्या मानकासोबत वाचायचं असतं.

वाहतुकीसाठी माझ्या मते तीन गोष्टी पुरतात: थांबा किती जणांच्या आवाक्यात आहे, तिथे किती वेळ उभं राहावं लागतं आणि चौकात माणसांचा किती वेळ जातो.

आवाका. शाश्वत विकास उद्दिष्टांतला निर्देशक ११.२.१ इथे कामाला येतो. बसचा थांबा ५०० मीटरच्या आत, रेल्वे किंवा मेट्रोचं स्थानक १ किलोमीटरच्या आत असलेली लोकसंख्या. हे अंतर चालण्याच्या वाटेनं धरायचं. नकाशावर थांब्याभोवती वर्तुळ काढून मोकळं होणं ही नेहमीची चूक. ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस किलोमीटर. रस्ते अगदी चौकटीसारखे सरळ आखलेले असले तरी ५०० मीटर चालून पोहोचता येतं असं क्षेत्र भरतं ०.५ चौरस किलोमीटर. म्हणजे आदर्श परिस्थितीतही वर्तुळ ५७ टक्के जास्त दाखवतं. मध्ये रेल्वेमार्ग, नाला, कुंपणाच्या वसाहती किंवा दुभाजक आला की फरक आणखी वाढतो. म्हणून पायवाटांसह रस्त्यांचं जाळं घ्या, दुभाजक जिथे ओलांडता येत नाही तिथे ते जाळं तोडा आणि मग थांब्यापासून चालण्याचं क्षेत्र काढा. शिवाय दिवसातून चारच फेऱ्या होतात तो थांबा मोजू नका. दर १५ मिनिटांना निदान एक बस, अशी अट घातली की आकडा किती खाली येतो ते पाहा. दोन्ही आकडे शेजारी छापा.

वाट पाहणं. हा सगळ्यात बोलका निर्देशक आणि तुमच्याकडे त्याची तीन वर्षांची माहिती आधीच आहे. प्रवासी वेळापत्रक न बघता थांब्यावर येतात असं धरलं, तर सरासरी वाट पाहणं म्हणजे दोन बसमधल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज भागिले अंतरांच्या बेरजेची दुप्पट. दर १० मिनिटांनी बस असेल आणि ती खरंच तशी येत असेल, तर वाट ५ मिनिटं. आता बस जोडीनं येऊ लागल्या, २ मिनिटांचं अंतर, मग १८ मिनिटांचं, पुन्हा २, पुन्हा १८. तासाला फेऱ्या तेवढ्याच. हिशेब: ४ अधिक ३२४ म्हणजे ३२८, भागिले ४०, उत्तर ८.२ मिनिटं. फेऱ्यांचा अहवाल १०० टक्के पूर्तता दाखवतो आणि प्रवासी ३.२ मिनिटं जास्त उभा असतो. या ३.२ ला जादा वाट म्हणायचं. मार्गवार, सकाळच्या आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेसाठी वेगवेगळी काढा.

जीपीएसची एक खोच लक्षात ठेवा: यंत्र बंद पडलं म्हणजे बस सुटली नाही असं होत नाही. तिकीट यंत्राच्या नोंदीत त्या फेरीची तिकिटं फाटलेली दिसली तर ती फेरी झालेली आहे. ही पडताळणी केली नाही तर जुन्या वर्षांत अंतरं फुगतात, कारण तेव्हा यंत्रं जास्त बंद पडायची. मग नुसती यंत्रं दुरुस्त झाली तरी सेवा सुधारल्याचा भास होतो. आणखी एक: जीटीएफएस रिअलटाइम फीडमध्ये (बसची ताजी स्थिती अ‍ॅपना पुरवणाऱ्या प्रमाणित प्रवाहात) फक्त आत्ताची स्थिती असते, जुनं काही राहत नाही. ते दर २०-३० सेकंदांनी कुणी साठवत नसेल तर आजपासून साठवायला लागा.

चौक. अनुकूली सिग्नलचं यश गाड्यांच्या सरासरी वेगात मोजलं जातं आणि बस व पादचारी हिशेबातून गळतात. समजा नव्या वेळेमुळे २० गाड्यांचे प्रत्येकी १० सेकंद वाचले आणि आडव्या रस्त्यावरची एक बस ३० सेकंद जास्त थांबली. गाड्यांच्या हिशेबात २०० सेकंद कमावले, ३० गमावले. माणसांच्या हिशेबात, गाडीत सरासरी १.३ जण आणि बसमध्ये ५० जण धरले, तर २६० सेकंद कमावले आणि १५०० गमावले. निकालच उलटतो. म्हणून प्रत्येक चौकात माणसागणिक विलंब काढा आणि पादचाऱ्याला हिरवा दिवा मिळेपर्यंत जास्तीत जास्त किती थांबावं लागतं ते वेगळं नोंदवा. आणि त्याआधी डिटेक्टर, म्हणजे गाड्या ओळखणारी साधनं, चालू आहेत का ते बघा. रस्ता खोदला की जमिनीतले लूप तुटतात, कॅमेऱ्याच्या भिंगावर धूळ बसते. पुरेशी माहिती मिळेना की यंत्रणा गुपचूप ठरावीक वेळापत्रकावर परत जाते. कागदावर मात्र तो चौक अनुकूलीच राहतो. वर्षभरात प्रत्येक चौक किती टक्के तास खरोखर अनुकूली पद्धतीनं चालला, ही नोंद नियंत्रकाच्या लॉगमध्ये असते. ती मागवा.

वारा_आणि_धूळ

हवेच्या बाबतीत पहिला नियम: शहराची वार्षिक सरासरी खाली आली म्हणून श्रेय घेऊ नका आणि वर गेली म्हणून दोषही देऊ नका. एखाद्या वर्षी वारा चांगला वाहिला, पाऊस जास्त दिवस पडला की पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म धूलिकण) आपोआप कमी दिसतं. त्यातला मोठा वाटा शहराबाहेरूनही येतो. पाच वर्षांत वाहतुकीमुळे काय बदललं हे हवं असेल तर रस्त्यालगतच्या केंद्राच्या आकड्यातून शहराच्या पार्श्वभूमी केंद्राचा (रहदारीपासून दूर असलेल्या) आकडा वजा करा, तासागणिक. उरतो तो त्या रस्त्याचा स्वतःचा भार. हवामान दोन्ही केंद्रांना जवळपास सारखंच लागू असल्यामुळे त्याचा परिणाम बराचसा कटतो. तुमच्याकडची दोन संदर्भ केंद्रं यांपैकी कोणत्या प्रकारची आहेत ते आधी तपासा. दोन्ही उद्यानात असतील तर वाहतुकीबद्दल ती फार काही सांगणार नाहीत.

वाहतुकीसाठी पीएम २.५ पेक्षा नायट्रोजन ऑक्साइडं जास्त कामाची, कारण ती इंजिनातून थेट येतात. पण नुसता नायट्रोजन डायऑक्साइड पाहिलात तर सुधारणा कमी भासेल. गाडीतून मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो आणि ओझोनशी संयोग होऊन त्याचा डायऑक्साइड बनतो. रस्त्याच्या कडेला ओझोन अपुरा असतो, म्हणून धूर ३० टक्के कमी झाला तरी डायऑक्साइड तितका उतरत नाही. विश्लेषक यंत्र एकूण ऑक्साइडं देतंच, तो स्तंभही मागवा.

स्वस्त सेन्सरांबद्दल सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. धूलिकणांचे स्वस्त सेन्सर प्रकाश किती विखुरतो त्यावर चालतात. आर्द्रता साधारण ८० टक्क्यांपुढे गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर खऱ्यापेक्षा बरंच जास्त दाखवतो. धुक्यातले थेंबसुद्धा तो कण म्हणूनच मोजतो. उलट रस्त्यावरची भरड धूळ त्याला धड दिसत नाही, त्यामुळे त्यानं दिलेल्या पीएम १० वर विसंबू नका. करायचं ते असं: सगळे सेन्सर संदर्भ केंद्राच्या छतावर, त्याच्या शोषण नळीच्या उंचीला, निदान दोन आठवडे एकत्र ठेवायचे. हे प्रत्येक ऋतूत एकदा. सेन्सरचं मूल्य, आर्द्रता आणि तापमान घेऊन दुरुस्तीचं समीकरण बसवायचं. नंतर सेन्सर आपापल्या जागी पाठवताना दोन-तीन तिथेच कायमचे ठेवायचे. ते संदर्भापासून सरकू लागले की बाकीचेही सरकत असणार हे कळतं. तासाच्या नोंदी ७५ टक्क्यांपेक्षा कमी असतील तो दिवस सरासरीत धरू नका. वीज गेली की सेन्सर बंद पडतात आणि त्याच वेळी डिझेल जनित्रं सुरू होतात, त्यामुळे निसटलेले तास बहुधा वाईट हवेचेच असतात.

पायाभूत वर्षाचे, म्हणजे आराखडा सुरू झाला तेव्हाचे, सेन्सर दुरुस्तीशिवाय चालवलेले असतील तर त्यांच्याशी आजच्या आकड्यांची तुलना करू नका. तो काळ सोडून द्या.

सहा महिन्यांत काहीतरी ठोस हवं असेल तर नायट्रोजन डायऑक्साइडच्या विसरण नळ्या (हवेतला वायू आपोआप शोषून घेणाऱ्या छोट्या नळ्या) लावा. वीज लागत नाही, दिव्याच्या खांबाला २ ते ४ मीटर उंचीवर बांधायच्या, दोन ते चार आठवड्यांनी बदलून प्रयोगशाळेत पाठवायच्या. ३०-४० ठिकाणी लावा, शाळा आणि दवाखाने आधी. तीन नळ्या संदर्भ केंद्राशेजारी एकत्र लावा. त्यावरून बाकी सगळ्यांची दुरुस्ती ठरते. वातानुकूलन यंत्राच्या झोतात किंवा दाट झाडाखाली लावू नका.

मापदंड म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मूल्यं घ्या: वार्षिक पीएम २.५ साठी ५ आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी १० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. शहर फार वर असेल तर पीएम २.५ चे टप्पे ३५, २५, १५ आणि १० असे आहेत. कोणत्या टप्प्यावरून कोणत्या टप्प्यावर आलो हे लोकांना चटकन समजतं.

झाडं: लावलेली नव्हे, तीन वर्षांनी जगलेली मोजा. उष्णता: उपग्रहावरून मिळतं ते पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नव्हे, आणि लँडसॅट हा उपग्रह सकाळी दहाच्या सुमारास वरून जातो. दुपारच्या किंवा रात्रीच्या उकाड्याचा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

सरळरेषा

दोघांचेही आभार. जादा वाट आणि रस्त्याचा स्वतःचा भार हे दोन्ही घेतो. आणखी दोन अडचणी आहेत. वाहतुकीचं कार्बन उत्सर्जन कमी झालं का, असा थेट प्रश्न आहे. इलेक्ट्रिक बस आल्या म्हणजे कमी झालंच असं गृहीत धरलं जातंय. आणि वर सादर करताना सगळ्याचा मिळून एकच गुण हवा आहे, शंभरपैकी.

कार्बन_वही

बसपासून सुरू करतो. एका किलोमीटरला ०.४ लिटर डिझेल लागणाऱ्या बसचं उत्सर्जन, लिटरला २.६८ किलो धरून, १.०७ किलो. इलेक्ट्रिक बसला १.३ युनिट लागत असतील आणि वीज मुख्यतः कोळशाची, युनिटला ०.७ किलो, असेल तर ०.९१ किलो. फरक पंधरा टक्क्यांचा. तीच वीज ०.२ किलोची असेल तर ०.२६ किलो, म्हणजे पाऊण हिस्सा वाचला. तेव्हा तुमच्या जाळ्यातल्या विजेचा त्या त्या वर्षाचा गुणांक (युनिटमागे किती किलो) लावल्याशिवाय काहीही म्हणू नका. युनिट चार्जरच्या मीटरवरचे घ्या, बसच्या पडद्यावरचे नको; मधली गळती सहज दहा टक्क्यांपर्यंत जाते आणि आगारातल्या बसचं वातानुकूलन वेगळंच. धुरापुरतं पाहिलं तर आगाराभोवतीच्या आणि मार्गावरच्या लोकांचा फायदा पूर्ण आहे, तो कार्बनमध्ये मिसळून झाकू नका.

यापेक्षा मोठा प्रश्न: जुन्या डिझेल बस गेल्या कुठे? भंगारात गेल्या असतील तर बचत खरी. दुसऱ्या मार्गावर धावत असतील तर उत्सर्जनात वाढच झाली, भलेही प्रवाशांची सोय झाली असेल. नोंदणी रद्द झालेल्या बसची यादी मागवा.

संपूर्ण शहरासाठी जीपीसी ही नियमावली वापरा, म्हणजे शहरांच्या हरितगृह वायू नोंदीची जागतिक पद्धत. ती २०१४ साली आली. रस्ते वाहतुकीसाठी ती चार वाटा देते: इंधन विक्री, शहराच्या हद्दीत झालेला प्रवास, रहिवाशांचा प्रवास, किंवा शहरामुळे घडलेला प्रवास. पायाभूत वर्षी एक वाट आणि आज दुसरी, असं झालं तर तुलनेला अर्थ राहत नाही. इंधन विक्री सगळ्यात सोपी, पण हद्दीबाहेर इंधन थोडं स्वस्त झालं की शहराचं उत्सर्जन कागदावर घटतं. म्हणून विक्रीचा आकडा आणि मोजणीवरून काढलेले वाहन-किलोमीटर एकमेकांना ताडून पाहा.

घडलेली कपात आणि ठरवलेली कपात एका रकान्यात लिहू नका. कोपनहेगननं २०१२ च्या आराखड्यात २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचं ठरवलं होतं. उत्सर्जन खरंच पुष्कळ उतरलं, पण शेवटचा टप्पा कचऱ्यापासून ऊर्जा बनवणाऱ्या प्रकल्पातल्या कार्बन पकडण्याच्या यंत्रणेवर अवलंबून होता. तिला राष्ट्रीय निधी मिळाला नाही आणि २०२२ मध्ये शहरानं मुदत पाळता येणार नसल्याचं जाहीर केलं. हे दोन रकाने वेगळे असले की अशी फट मध्यावधी आढाव्यातच दिसते.

तुलनापट

एकाच गुणाला माझा विरोध आहे, पण तो द्यावाच लागला तर निदान सरळ सरासरी काढू नका. वाहतुकीला ९० आणि हवेला १० असे गुण असले तर सरळ सरासरी ५० येते, गुणोत्तर सरासरी (दोन्ही गुणांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) ३०. सरळ सरासरीत एका विषयाची वाईट अवस्था दुसऱ्याच्या चांगल्या गुणांनी भरून निघते. मानव विकास निर्देशांकानंही २०१० पासून याच कारणासाठी गुणोत्तर सरासरी घेतली. शंभर म्हणजे काय हेही बाहेरून ठरवा, जसं आरोग्य संघटनेची मूल्यं. इतर शहरांतल्या सर्वोत्तमाला शंभर धरलंत तर तुम्ही जागचे हललात नाहीत तरी त्याच्या चढउतारानं तुमचे गुण बदलतील. भारांक (प्रत्येक विषयाला दिलेलं वजन) बदलून निकाल किती हलतो ते तपासा आणि अहवालात छापा.

श्रेय कुणाचं, हा पुढचा प्रश्न. 'आधी आणि नंतर' एवढ्यानं भागत नाही. ज्या मार्गावर काम झालं त्याच्यासारखाच, काम न झालेला मार्ग शोधा, दोन्हीकडचा बदल काढा आणि वजाबाकी करा. तुलनेचा मार्ग फार जवळचा नको, नाहीतर इकडची गर्दी तिकडे सरकते आणि फरक दुप्पट दिसतो. स्टॉकहोमचा गर्दी-कर (शहराच्या मध्यभागात ये-जा करणाऱ्या गाड्यांवरचा) याबाबत आदर्श आहे. जानेवारी ते जुलै २००६ चाचणी झाली, कर-सीमा ओलांडणारी वाहतूक सुमारे २० टक्के घटली. कर थांबताच ती बरीचशी परतली, ऑगस्ट २००७ मध्ये कर कायम झाल्यावर पुन्हा उतरली. चालू, बंद, पुन्हा चालू, आणि आकडा दर वेळी त्याच दिशेनं हलला. तुमच्याकडे बस मार्गिका टप्प्याटप्प्यानं सुरू झाल्या असतील तर त्या तारखा हाच तुमचा प्रयोग.

लंडनच्या उदाहरणावरून उलटी सावधगिरी. २००३ मध्ये कर आला, सुरुवातीला कोंडी सुमारे ३० टक्के घटली, काही वर्षांत ती पूर्वपदावर आली. पण आत येणारी वाहनं पूर्वीपेक्षा कमीच राहिली होती. रस्त्यांची खोदकामं वाढली होती आणि बस व पादचाऱ्यांना जास्त जागा दिलेली होती. नुसती कोंडी मोजणाऱ्यानं योजना फसली म्हटलं असतं.

पायी_पायी

प्रवासात कोणत्या साधनाचा वाटा किती, याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मोबाइलच्या हालचालींवरून पायी, सायकल, बस असा वाटा काढून देणारे अहवाल मिळतात. टॉवरवरून मिळणारी जागा शहरातही शेकडो मीटरनी चुकते, त्यामुळे शाळेपर्यंत किंवा दुकानापर्यंतचं पायी जाणं त्यात दिसतच नाही आणि गर्दीच्या रस्त्यावर बस आणि गाडी सारख्याच वेगानं सरकतात. लहान मुलं, वृद्ध आणि घरात एकच फोन असलेली कुटुंबं सुटतात. शहरभराच्या एकूण प्रवाहासाठी ती माहिती चांगली, वाट्यासाठी नाही.

घरोघरी सर्वेक्षण सहा महिन्यांत पुन्हा होऊ शकतं. मात्र नमुना पुरेसा हवा. बसचा वाटा २० टक्के असेल आणि १००० जणांना विचारलं तर चूक अधिक-उणे २.५ टक्के. दोन सर्वेक्षणांमधल्या फरकावर ती ३.५ होते. म्हणजे वाटा २० वरून २२ झाला तर तो खरंच वाढला की नाही हे सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी ४००० जण असतील तर फरकावरची चूक १.७५ वर येते, तेव्हा तो बदल पकडता येतो. एकाच घरातल्या सगळ्यांना विचारता म्हणून प्रत्यक्ष चूक याहून थोडी जास्तच धरा. पहिलं सर्वेक्षण ज्या महिन्यात झालं त्याच महिन्यात दुसरं करा, शाळा चालू असताना. आणि प्रश्न शब्दशः तेच ठेवा. 'मुख्य प्रवास कोणता' असं विचारलं की बसपर्यंतचं चालणं गळतं, 'काल केलेले सगळे प्रवास सांगा' म्हटलं की येतं. पहिल्या वेळची प्रश्नावली मिळाल्याशिवाय नवी छापू नका.

सरळरेषा

पहिली प्रश्नावली मिळाली, त्यात 'मुख्य प्रवास' असंच विचारलंय. मग पायी प्रवासाची तुलना होणारच नाही?

पायी_पायी

होईल, मर्यादित. नमुन्यातल्या पाव लोकांना जुना प्रश्न विचारा, बाकीच्यांना नवा. जुन्या प्रश्नाच्या उत्तरांची तुलना पहिल्या सर्वेक्षणाशी करता येते आणि दोन प्रश्नांतला फरक किती पडतो तेही त्याच वेळी कळतं. पाव हिस्सा निदान १००० जणांचा होईल एवढा एकूण नमुना ठेवा. त्या हिश्शावरचा फरक तीन-साडेतीन टक्क्यांहून लहान असेल तर 'बदल आढळला नाही' असं लिहा.

थांबा_ते_थांबा

एक भर. सिग्नल, बस आणि सेन्सर पुरवणाऱ्यांशी करार आहेत ते उघडून कच्ची माहिती कुणाच्या मालकीची आहे ते वाचा. पडद्यावर दिसणारी सरासरी मिळते पण सेकंदागणिक नोंदी मिळत नाहीत, किंवा ९० दिवसांनी पुसल्या जातात, अशी कलमं असतात. तसं असेल तर आढावा सुरू होण्याआधी, याच आठवड्यात, पुसणं थांबवण्याचं लेखी पत्र द्या आणि जे शिल्लक आहे ते साध्या सीएसव्हीत (तक्त्याच्या साध्या मजकूर फाइलमध्ये) उतरवून घ्या. सोबत दुरुस्त्यांची नोंदवहीही मागा: कोणता सेन्सर कधी बदलला, कोणत्या चौकात लूप कधी तुटला. आकड्यात अचानक पायरी दिसली तर तिचं कारण पुष्कळदा त्या वहीतच असतं.